छायाचित्रांतलें घर आणि घराचें छायाचित्र

एखाद्या कलाकृतीची कीर्ति कांहीं एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे लोक त्या कृतीकडे पाहण्याचें सोडून तिच्या कीर्तीकडेच पाहूं लागतात. देवावर शेंदराचीं पुटें चढत गेलीं, कीं मूळची मूर्ति कशी होती हें पुजाऱ्यासही सांगतां येत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. आधुनिक गृहरचनेच्या क्षेत्रांत असें शेंदूर चढलेलें एक दैवत म्हणजे अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावरच्या एका टेकडीवर ९ मे १९६० च्या रात्रीं ज्यूलियस शुलमन या छायाचित्रकारानें घेतलेलें एका घराचें चित्र होय. तें घर पिएर केनिग या वास्तुशिल्पज्ञानें स्टाल नांवाच्या कुटुंबाकरितां बांधलें. आणि ज्या योजनेंत तें सामील झालें, तिच्या अनुक्रमांकावरून त्यास 'केस स्टडी हाउस क्रमांक २२' असें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या मध्यावरील घरांविषयीं बोलणें निघालें, कीं हें चित्र पुढें आल्यावांचून राहत नाहीं. आणि तें पुढें आलें, कीं विचार थांबतो व स्तुति सुरू होते. तो थांबलेला विचार पुन्हां चालता करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्या वाचकांनीं चित्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं त्याचें वर्णन थोडक्यांत करतों. चित्र कृष्णधवल आहे. एका बाजूस कांचेच्या भिंतींचा दिवाणखाना टेकडीच्या कडेवरून पुढें झेपावला आहे. त्यावरील सपाट, पातळ छप्पर अंधारांत बाणासारखें शिरलें आहे. आंत गोल दिवे उजळले आहेत, आणि फिक्या रंगाचे झगे ल्यालेल्या दोन तरुणी निवांत गप्पा मारीत बसल्या आहेत. त्यांच्या खालीं, पार क्षितिजापर्यंत, लॉस एंजेलिसचे दिवे पसरले आहेत. सरळ रस्त्यांच्या सरळ दीपमाळा. छपराच्या रेषा आणि नगराच्या रेषा जणूं एकाच पट्टीनें आंखल्या आहेत, आणि पाहणाऱ्यास असा भास होतो, कीं हें घर जमिनीवर उभें नसून प्रकाशावर तरंगत आहे. 'भास' हा शब्द आम्ही बुद्धिपुरस्सर योजला आहे. पुढील विवेचनांत त्याचें प्रयोजन पडेल.

या चित्राचे भाष्यकार मुख्यतः दोन पंथांचे आहेत. पहिला पंथ भक्तांचा. त्यांच्या मतें हें चित्र म्हणजे आधुनिक घराचा जाहीरनामा आहे. पोलाद आणि कांच यांनीं माणसास दगडामातीच्या कोंडवाड्यांतून मोकळें केलें, घर व सृष्टि यांच्यामधला पडदा दूर झाला, आणि नव्या युगांतील कुटुंब कसें राहील याचें दर्शन जगास घडलें, असें ते सांगतात. दुसरा पंथ निंदकांचा. ते म्हणतात, हें सारें नाटक आहे. माणसें आणून बसविलेलीं, सामान मांडून ठेवलेलें, प्रकाश हिकमतीनें पाडलेला. अतएव चित्र खोटें. आमचें म्हणणें या दोन्ही पंथांशीं जुळत नाहीं. निंदक ज्यास खोटें म्हणतात तें आम्हांस खोटें वाटत नाहीं. आणि भक्त ज्यास खरें म्हणतात, नेमकें तेंच आम्हांस मोठें संशयास्पद वाटतें.

निंदकांस उत्तर

प्रथम निंदकांचा समाचार घेऊं, कारण त्यांचा आक्षेप लहान आहे. चित्र घेतलें त्या वेळीं घर पुरतें सजलेलें नव्हतें; चित्राकरितां तें सजविण्यांत आलें. दोन्ही तरुणी स्टाल कुटुंबांतील नव्हत. वास्तुविद्येचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या त्या मैत्रिणी होत्या. शुलमननें घरांतले दिवे मालवून, त्या दोघींस अंधारांत बसवून, कॅमेऱ्याचा डोळा सुमारें सात मिनिटें उघडा ठेवला व खालच्या शहराचे मंद दिवे फिल्मवर उतरवून घेतले. मग घरांतील गोलांमध्यें बसविलेले झगमगाटी बल्ब क्षणभर पेटविले आणि आंतील दृश्य त्याच फिल्मवर उमटविलें. म्हणजे चित्रांतलें शहर सात मिनिटांचें आहे, आणि घर निमिषमात्राचें. उघड्या डोळ्यांस हीं दोन्ही एकाच वेळीं अशीं कधींच दिसलीं नसतीं.

हें सर्व खरें. परंतु एवढ्यावरून चित्र खोटें कसें ठरतें? रंगभूमीवरचा राजा खरा राजा नसतो, म्हणून नाटक खोटें ठरत नाहीं. त्या घरांत जो मनुष्य रात्रीं तासभर बसेल, त्याची नजर घटकेंत आंतल्या माणसांवर व घटकेंत बाहेरच्या दिव्यांवर जाईल, आणि त्याच्या स्मरणांत दोन्ही एकत्र नांदतील. शुलमननें स्मरणाचें काम यंत्राकडून करून घेतलें. हें कसब त्याचें नित्याचें होतें. १९४७ सालीं पाम स्प्रिंग्ज येथें रिचर्ड नॉयट्रानें बांधलेल्या कॉफमन यांच्या घराचें चित्र त्यानें संधिप्रकाशांत असेंच दीर्घ वेळ उघड्या कॅमेऱ्यानें घेतलें, आणि तलावांतील दिव्याचा उजेड चित्र बिघडवूं लागला तेव्हां घरच्या यजमानीणबाईंनाच त्याच्या आड पहुडावयास लावलें. चित्राची मांडणी साधण्यासाठीं झाडाची तोडलेली फांदी कॅमेऱ्यापुढें धरविण्याची युक्तिही त्याच्याच नांवाशीं जोडलेली आहे. १९१० ते २००९ असें जवळ जवळ शतकाचें आयुष्य लाभलेला हा कलावंत आपल्या कलेंत किती निष्णात होता, याबद्दल वाद नाहीं; त्याचा २,६०,००० हून अधिक चित्रांचा व फिल्मांचा संग्रह गेटी संस्थेनें २००५ सालीं आपल्याकडे घेतला तो उगीच नव्हे. तात्पर्य, मांडणी करणें हा अपराध नाहीं. जो कांहींच मांडीत नाहीं, त्यास कलावंत न म्हणतां आरसा म्हणावें.

निंदकांचें चुकतें तें येथें. चित्रांत काय घातलें याचा ते हिशेब मागतात. चित्रांतून काय वगळलें याचा हिशेब मागण्याचें त्यांस सुचत नाहीं. आणि आमच्या मतें या चित्राचा खरा अर्थ वगळलेल्या गोष्टींतच आहे.

भक्तांस चार प्रश्न

आतां भक्तांकडे वळूं. हें चित्र आधुनिक घराचा जाहीरनामा आहे, असें म्हणणाऱ्यांनीं मूळचा जाहीरनामा काय होता तें आधीं पाहावें. जानेवारी १९४५ मध्यें, दुसरें महायुद्ध संपत आलें असतां, 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' या मासिकाचा संपादक जॉन एन्टेन्झा यानें एक योजना जाहीर केली. लाखों सैनिक परत येणार, त्यांना घरें लागणार. युद्धाच्या कारखान्यांनीं नवीं द्रव्यें व नव्या पद्धति शोधून काढल्या आहेत. तर नामांकित वास्तुशिल्पज्ञांनीं त्यांचा उपयोग करून सामान्य माणसाच्या आवांक्यांतलीं, आणि मुख्य म्हणजे ज्यांची पुनरावृत्ति करतां येईल अशीं, नमुन्याचीं घरें बांधावींत, असा तिचा आशय होता. कारखानदारांनीं सामान सवलतीनें द्यावें, मासिकानें त्याचा बोलबाला करावा, आणि घरें लोकांस पाहण्यासाठीं खुलीं ठेवावींत, असा व्यवहार ठरला. १९४८ पर्यंत पुऱ्या झालेल्या पहिल्या सहा घरांना साडेतीन लाखांहून अधिक लोकांनीं भेट दिली. योजना १९६६ पर्यंत चालली. एकंदर ३६ आराखडे झाले आणि त्यांपैकीं सुमारें दोन डझन घरें प्रत्यक्ष उभीं राहिलीं.

केनिग या विचाराचा पक्का अनुयायी होता. १९५० सालीं, तो अद्याप विद्यार्थी असतांनाच, त्यानें स्वतःसाठीं पोलादी घर बांधलें होतें. पोलादी सांगाडा धनिकांचा षौक नव्हे, कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाप्रमाणें तो सर्वांस मिळाला पाहिजे, अशी त्याची धारणा होती. स्टाल यांच्या घरांतही ती दिसते. बाजारांत मिळणाऱ्या ठराविक मापाच्या पोलादी तुळया, वीस वीस फुटांचे सारखे गाळे, दोन निजावयाच्या खोल्या, क्षेत्रफळ सुमारें २,२०० चौरस फूट. या घराचा सांगाडा बोलूं लागला असता, तर 'माझ्यासारखे आणखी करा' असेंच तो म्हणाला असता.

आणि चित्र काय म्हणतें? तें बरोबर याच्या उलट म्हणतें. सांगाड्याची पुनरावृत्ति होऊं शकते. टेकडीच्या टोकाची होऊं शकत नाहीं. गाळ्यांची प्रत काढतां येते. पायांखालीं अंथरलेल्या शहराची काढतां येत नाहीं. या चित्रांतून टेकडीचा कडा व खालचे दिवे काढून घ्या, आणि तेंच घर कॅलिफोर्नियाच्या एखाद्या सपाट रस्त्यावर नेऊन ठेवा; काय उरतें तें डोळ्यांपुढें आणा. उरतें तें एक सुबक, समंजस, उपयुक्त घर. ज्याचें कौतुक वास्तुविद्येच्या जाणकारांनीं करावें तें तेंच. परंतु जग ज्यावर मोहित झालें, तें तें नव्हे. जग मोहित झालें तें उंचीवर.

येथें भक्त म्हणतील, कीं जागा तर स्टाल यांनीं आधींच घेतली होती. घरच मुळीं कड्यावर असल्यास चित्रकारानें काय करावें? आक्षेप रास्त आहे, आणि तो आम्ही अर्धा मान्य करतों. घर व तलाव मिळून सुमारें साडेसदतीस हजार डॉलरांस पडलें. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन वसाहतींत १९४९ सालीं नवें घर ७,९९० डॉलरांस मिळत होतें, आणि १९४७ ते १९५१ या अवधींत तेथें सतरा हजारांहून अधिक घरें बांधलीं गेलीं. परतलेल्या सैनिकांस निवारा दिला तो त्या लांकडी, ठेंगण्या, एकसारख्या घरांनीं. कांचेच्या महालांनीं नव्हे. म्हणजे योजनेचें अपयश घरांतच सुरू झालें होतें. परंतु अपयश झालें असतां तें विजयासारखें दिसावें, ही करामत मात्र चित्राची. शुलमननें या घराचीं दिवसाचीं चित्रेंही घेतलीं. त्यांत तलाव आहे, सांगाडा आहे, स्वच्छ ऊन आहे. जगानें त्यांतून एक रात्र निवडली. तेव्हां दोष कॅमेऱ्याचा कमी, निवडीचा अधिक. आणि ती निवड भक्तांची आहे.

या निवडीचें फळ कसें विचित्र झालें पाहा. ज्याच्या धर्तीवर असंख्य घरें उठावींत अशा योजनेंतलें हें घर. आणि १९८९ सालीं त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृति उभारली गेली, ती कोणा कुटुंबाकरितां नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या समकालीन कलेच्या संग्रहालयांत, प्रेक्षकांकरितां! आमच्या पहिल्या प्रश्नास यापेक्षां स्पष्ट उत्तर कोणतें हवें?

दुसरा प्रश्न असा: हें घर कशावर उभें आहे? चित्राचें उत्तर, प्रकाशावर. इतिहासाचें उत्तर निराळें आहे. स्टाल यांनीं ही जागा १९५४ सालीं १३,५०० डॉलरांस घेतली. येथें घर होणें नाहीं, असें अनेकांचें मत होतें. गृहस्थ धनाढ्य नव्हता. नोकरी करून पोट भरणारा होता. त्यानें इतर ठिकाणच्या बांधकामांवर फेंकून दिलेले काँक्रीटचे तुकडे सुटीच्या दिवशीं आपल्या मोटारींत भरभरून आणले, आणि कित्येक महिने खपून टेकडीची कड आपल्या हातांनीं रचून काढली. कसें घर हवें याचा एक नमुनाही त्यानें स्वतःच तयार केला. तो नमुना घेऊन दारोदार हिंडल्यावर १९५७ सालीं केनिग भेटला. एका पगारदार माणसाची ही जिद्द, हे घट्टे पडलेले हात, ही फुटक्या काँक्रीटची रास, या घराच्या कथेंतील सर्वांत उदात्त भाग आहे असें आम्हांस वाटतें. आणि चित्रांत नेमका तोच भाग अंधारानें गिळला आहे. घर तरंगतें असें दिसावें, म्हणून ज्यावर तें टेंकलें आहे ती जमीन नाहींशी करावी लागली. घराचें वजन नाकारणें म्हणजे तें वजन ज्यानें उचललें त्या माणसास नाकारणें होय.

रस्त्याच्या बाजूनें पाहणाऱ्यास हें घर कांचेचें दिसत नाहीं. तिकडे बंद भिंत आहे. ज्यास जगापुढें खुलें होणें म्हणतात तें हें घर सर्वांपुढें होत नाहीं. शेजाऱ्यास पाठ दाखवितें आणि दूरच्या देखाव्यास तोंड. यांत गैर कांहीं नाहीं. खासगीपणा प्रत्येक कुटुंबास हवा असतो, आणि केनिगनें तो सुबुद्धपणें साधला आहे. तसेंच छपराच्या पुढें आलेल्या कडा केवळ शोभेच्या नाहींत. कांचेवर येणारें ऊन अडविण्याचें काम त्यांच्याकडे आहे. परंतु बंद भिंत चित्रांत नाहीं, आणि ऊन तर रात्रीमुळें मुळींच नाहीं. मग 'घर व सृष्टि यांच्यामधला पडदा दूर झाला' हें वाक्य कशाच्या आधारावर उच्चारलें जातें? एका कोपऱ्याच्या, एका रात्रीच्या आधारावर. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. पण शीत तरी त्याच भांड्यांतलें असावें.

तिसरा प्रश्न त्या दोन तरुणींसंबंधीं. यांच्याविषयीं अलीकडे पुष्कळ लिहिलें जातें. कोणी म्हणतात, त्या केवळ शोभेसाठीं आहेत, फुलदाणीच्या जागीं ठेवलेल्या. कोणी म्हणतात, त्या नव्या, मोकळ्या स्त्रीत्वाच्या प्रतिमा आहेत. आम्हांस दोन्ही अर्थ उथळ वाटतात. चित्रांतून त्या दोघींस काढून टाका. राहील तें दुकानांतल्या कांचेच्या कपाटासारखें दिसेल. घराचें माप माणसावांचून कळत नाहीं, आणि शुलमननें हें अचूक जाणलें होतें. म्हणून त्या चित्रास अनावश्यक नाहींत, प्राणभूत आहेत. परंतु त्या कोण आहेत? त्या पाहुण्या आहेत. त्या घरांत त्यांचें कांहीं काम नाहीं. त्यांना उठून कांच पुसावयाची नाहीं, भांडीं आवरावयाचीं नाहींत, तलावाच्या कांठाशीं गेलेल्या मुलास हांक मारावयाची नाहीं. स्टाल दांपत्यानें पुढें याच घरांत तीन मुलें वाढविलीं. हें घर खऱ्या अर्थानें संसाराचें घर झालें. पण जगाच्या स्मरणांत त्या संसाराचें एकही माणूस नाहीं. यजमान कोठेंच दिसत नाहीं, आणि पाहुण्या मात्र कायमच्या बसल्या आहेत, असें हें अजब घर!

आमच्या मतें चित्राचा सर्वांत खोल आणि सर्वांत घातक परिणाम हाच आहे. तें आपणांस घराकडे पाहुण्याच्या दृष्टीनें पाहावयास शिकवितें. पाहुण्यास घर कसें दिसतें आणि राहणाऱ्यास कसें असतें, यांत महदंतर आहे. पाहुणा संध्याकाळीं येतो. राहणारा पहांटे उठतो. पाहुण्यास दिवाणखाना पुरतो; राहणाऱ्यास अडगळीची खोली, वाळत घालण्याची दोरी, आजाऱ्याचें अंथरूण, अभ्यासाचा कोपरा, सगळें लागतें. जें कुटुंब आपलें घर पाहुण्याच्या डोळ्यांनीं सजवूं लागतें, तें हळूहळू स्वतःच्याच घरांत पाहुणें होतें.

चौथा प्रश्न खालच्या दिव्यांचा. त्या दिव्यांखालीं माणसें आहेत, हें चित्र पाहतांना कितीजणांच्या मनांत येतें? उंचावरून नगर रत्नांच्या गालिच्यासारखें दिसतें. गालिच्यावर पाय ठेवावयाचा असतो, त्याच्याशीं बोलावयाचें नसतें. पण त्या नगराचीहि एक कथा आहे. अमुक वस्तींतलें घर कृष्णवर्णी माणसास विकूं वा राहावयास देऊं नये, असे करार तेथें खरेदीपत्रांतच लिहिले जात. न्यायालयांनीं असे करार अंमलांत आणूं नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. तथापि घरें विकतांना व भाड्यानें देतांना वर्णभेद करण्यास बंदी करणारा देशव्यापी कायदा व्हावयास १९६८ साल उजाडावें लागलें. चित्र या दोहोंच्या मधलें आहे.

आणि आतां योगायोग पाहा. कड्यावर कांचेचें घर बांधण्यास सहजासहजीं कोणी कर्ज देईना. शेवटीं पैसे दिले ते ब्रॉडवे फेडरल या संस्थेनें. आणि ही संस्था होती कृष्णवर्णीयांची, इतर बँका ज्यांना उंबऱ्यावर उभें करीत नसत अशांसाठीं महायुद्धानंतर निघालेली. गौरवर्णी सुखस्वप्नाची जगांतली सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा, आणि तिच्या पायाशीं खालच्या दिव्यांतल्या, वगळलेल्या माणसांचा पैसा! शुलमननें हें चित्रांत दाखवावें अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. कॅमेऱ्यास कर्जरोखा दिसत नाहीं. परंतु चित्राचा अर्थ सांगावयास जे बसले आहेत, त्यांना तो दिसावयास हवा होता. ज्यानें दिव्यांचें सौंदर्य सांगितलें आणि दिव्यांखालचीं माणसें सांगितलीं नाहींत, त्यानें चित्राचा अर्थ सांगितला नाहीं, चित्राची जाहिरात केली.

कलेच्या कैवाऱ्यांस

यावर एक शेवटचा आक्षेप येणार हें आम्ही जाणतों, कारण तो आमच्या वाङ्मयांत जुनाच आहे. कलेकरितां कला कीं जीवनाकरितां कला, हा वाद फडके-खांडेकरांच्या काळापासून मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. कलेचे कैवारी म्हणतील, कीं चित्र सुंदर आहे ना? मग संपलें. त्याच्याकडून कर्ज, कायदा, सैनिकांचीं घरें यांचा जबाब कशास मागतां?

आमचें उत्तर असें. चित्र सुंदर आहे, निःसंशय आहे. त्या सौंदर्याचा एक कणही आम्ही कमी करूं इच्छित नाहीं. चित्र म्हणून तें टांगलें जाईल तेथें आम्हीही हात जोडून उभे राहूं. पण भक्त त्यास केवळ चित्र म्हणून कोठें टांगतात? ते त्यास पुरावा म्हणून पुढें करतात. 'घर असें असावें', 'आधुनिक वास्तुविद्या अशी होती', 'त्या काळचें जीवन असें होतें' हीं सर्व विधानें सौंदर्याचीं नव्हत, सत्याचीं आहेत. कला देवळांत आहे तोंवर तिची उलटतपासणी करणें असभ्यपणाचें. पण देवळांतून उठून ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत येऊन उभी राहिली, कीं तिला प्रश्न विचारणें हें कर्तव्य होतें. शिवाय घराचें चित्र हें फुलाच्या चित्रासारखें नसतें. फूल पाहण्यासाठींच असतें असें क्षणभर म्हणतां येईल. घर राहण्यासाठीं असतें. ज्या कलेचा विषयच उपयोग हा आहे, तिनें उपयोगाचें नांव काढतांच विटाळ मानूं नये.

आम्ही तर म्हणतों, कीं आमच्या या तपासणीनें घराची प्रतिष्ठा वाढते. आकाशांत तरंगणारा कांचेचा मंडप हें परीकथेंतलें घर. परंतु एका पगारदार माणसानें टाकाऊ काँक्रीटनें कड रचली, एका तरुण वास्तुशिल्पज्ञानें इतरांनीं नाकारलेलें काम अंगावर घेतलें, उपेक्षितांच्या संस्थेनें विश्वासानें पैसे दिले, आणि तीन मुलें त्या कड्यावर लहानाचीं मोठीं झालीं, हें माणसांचें घर. पहिलें पाहून मनुष्य उसासा टाकतो. दुसरें ऐकून त्याच्या अंगीं बळ येतें. भक्तांनीं उसाशाचें घर पूजेस लावलें आणि बळाचें घर अडगळींत टाकलें, ही आमची मुख्य तक्रार आहे.

हा वाद सातासमुद्रांपलीकडचा आहे, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणूं नये. मुंबईपुण्याच्या वृत्तपत्रांत इमारतींच्या ज्या जाहिराती येतात, त्या एकदां नीट न्याहाळाव्यात. उंच मजला, सायंकाळ, कांचेपलीकडे खालीं पसरलेले शहराचे दिवे, आणि कठड्याशीं निवांत उभी असलेली एक स्त्री. तिच्या घरांत वाळत घातलेलें धोतर नाहीं, देव्हारा नाहीं, धान्याचा डबा नाहीं, म्हातारें माणूस नाहीं. आयुष्यभराची कमाई व वीस वर्षांचें कर्ज या चित्रावर भुलून ओतलें जातें. आणि मग पश्चिमेच्या कांचेंतून ऊन आंत येऊं लागतें तेव्हां गृहिणी तिला जाड पडदे लावते. कुळ तेंच आहे. फरक एवढाच, कीं येथें शुलमनची प्रतिभा नाहीं व केनिगचा सांगाडाही नाहीं, उरला आहे तो फक्त भास.

म्हणून घराचें कोणतेंही चित्र पुढें आलें असतां सुशिक्षित कुटुंबांनीं चार गोष्टी विचारण्याची संवय लावून घ्यावी. हें घर कशावर टेंकलें आहे? यांत राबतें कोण? हें शेजाऱ्यासही मिळूं शकेल काय? आणि खिडकींतून जें दिसतें, त्यांत माणसें आहेत कीं नुसते दिवे? या प्रश्नांना जें चित्र उत्तर देईल तें घराचें चित्र. जें देणार नाहीं तें, कितीही मनोहर असो, इच्छेचें चित्र. इच्छेचें चित्र पाहण्यास आमची कोणास मनाई नाहीं. मात्र त्यावरून घर बांधावयास, घर विकत घ्यावयास, किंवा आपल्या आहे त्या घरास नांवें ठेवावयास कोणी निघाला, तर त्यानें आधीं दिवस उजाडूं द्यावा आणि तीच जागा उन्हांत एकदां पाहून यावी.